ट्रॅक लाइट घेताय? दिव्याआधी पट्टी बघा

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. "अरे, हॉलमधले दोन लाइट गेलेत आणि तिसरा उघडझाप करतोय. वायरमनला बोलावू का?" मी म्हटलं, "बोलवा, ड्रायव्हर गेला असेल."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. लक्षणं ऐकली की लगेच निदान करायची सवय, आणि ते चुकलं. वायरमन आला, ड्रायव्हर कुठे आहे ते कुणालाच आठवेना. फॉल्स सीलिंग करताना तो वरच कुठेतरी ठेवून जिप्समचा बोर्ड बंद केला होता. शेवटी बोर्ड कापला आणि ड्रायव्हर मीटर लावून तपासला. तो ठणठणीत निघाला! गेले होते ते दिवेच. चालू दिवा काढून बंद दिव्याच्या जागी लावला असता तर हे दोन मिनिटांत कळलं असतं, बोर्ड कापायची वेळच आली नसती. पण फोनवर मला ते सुचलं नाही.

खरी अडचण पुढे सुरू झाली. आईबाबांच्या घरात बसवलेली होती मॅग्नेटिक ट्रॅक लाइट, म्हणजे सीलिंगमध्ये बसवलेली काळी पट्टी आणि तिला चुंबकाने चिकटणारे दिवे. ज्या दुकानातून घेतली तिथे विचारलं, तर "तो माल आता येत नाही सर, कंपनी बदलली." दुसऱ्या दुकानातून त्याच रुंदीचे दोन दिवे आणले. चुंबकाने छान चिकटले, पण लागले नाहीत. पट्टीतल्या तांब्याच्या पट्ट्या एका जागी, दिव्याचे संपर्कबिंदू दुसऱ्या जागी. बसवून फक्त १४ महिने झालेली सिस्टीम, सहापैकी चार दिवे उत्तम चालू, आणि तरीही ती दुरुस्त करता येत नव्हती.

हॉलमध्ये त्या पट्टीखालीच आईचं शिलाई मशीन आहे. ती शेजारपाजारच्या बायकांची फॉल-बिडिंगची कामं करते, बहुतेक संध्याकाळीच. त्यामुळे दोन दिवे जाणं म्हणजे तिचं कामच अडणं.

म्हणून हा लेख. ट्रॅक लाइट कशी निवडायची, घरात तिचं प्लॅनिंग कसं करायचं हे तर सांगतोच, पण त्याआधी बाजारात सध्या काय चाललंय तेही बघू.

सध्या हा विषय का?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की इंटिरिअरवाला दाखवतो त्या थ्रीडी चित्रांत आता ट्रॅक लाइट असतेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसी, मोठे टीव्ही, सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आले. त्यामुळे "घराचं काम आता काढू" असं अनेकांनी ठरवलं. पण एलईडी दिव्यांना यात काही मिळालं नाही. त्यांच्यावरचा कर १८ जुलै २०२२ ला १२ वरून १८ टक्के झाला होता, तो तिथेच आहे. दुसरीकडे, देशात एलईडीचे सुटे भाग बनावेत म्हणून केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये एसी आणि एलईडी या दोन्हींसाठी मिळून ६,२३८ कोटी रुपयांची पीएलआय योजना मंजूर केली. म्हणजे माल वाढतोय, ब्रँड वाढताहेत. वाढत नाहीये ती त्यांची एकमेकांशी जुळणी.

ही जुळणी किती महत्त्वाची असते ते साध्या बल्बवरून कळतं. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि पुढे देशभरात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी कंपनी ईईएसएलला २०१४ च्या सुरुवातीला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तो ३८ रुपयांपर्यंत आला. मोठी खरेदी हे त्याचं कारण आहेच. पण आणखी एक कारण सहसा कुणी सांगत नाही: आपल्या प्रत्येक घरात तोच दोन खाचांचा, पिनवाला होल्डर होता. कुठल्याही कंपनीचा बल्ब आणा, दाबून फिरवा, लागला. होल्डर एकच असल्यामुळे कंपन्यांना फक्त किंमत आणि दर्जा यावर स्पर्धा करावी लागली.

आमच्या भाषेत सांगायचं तर होल्डर म्हणजे इंटरफेस. तो सगळ्यांचा सारखा असेल तर ग्राहक मोकळा. तो एकाच कंपनीचा असेल तर ग्राहक अडकला.

ट्रॅक म्हणजे नक्की काय?

ट्रॅक म्हणजे आत वीजवाहक पट्ट्या असलेली ॲल्युमिनियमची लांब पट्टी. दिवा तिच्यावर कुठेही लावता येतो, सरकवता येतो, हव्या त्या दिशेला वळवता येतो. सोफा हलवला, दिवाही हलवला. छताला नवीन भोक नाही. दुकानं आणि चित्रदालनांत ही पद्धत कित्येक दशकं वापरात आहे. आता ती घरात आली आहे आणि तिचे दोन मुख्य प्रकार मिळतात.

पहिला, २३० व्होल्टचा ट्रॅक. घरातली नेहमीची वीज थेट पट्टीत येते. प्रत्येक दिव्याचा ड्रायव्हर त्या दिव्यातच असतो, बहुतेक वेळा पट्टीत अडकणाऱ्या ॲडॉप्टरमध्ये. यात एका सर्किटचा ट्रॅक असतो आणि तीन सर्किटचाही. तीन सर्किट म्हणजे थ्री-फेज नव्हे. एकाच पट्टीवरचे दिवे तीन वेगवेगळ्या बटणांवर वाटता येतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा, ४८ व्होल्ट डीसीचा मॅग्नेटिक ट्रॅक. एक मोठा ड्रायव्हर २३० व्होल्टचे ४८ व्होल्ट करतो आणि पट्टीत कमी दाबाची वीज जाते. दिवे चुंबकाने चिकटतात. दिसायला नाजूक, सीलिंगमध्ये सपाट बसणारा, आणि चुकून बोट लागलं तरी जिवाला धोका नाही. हे त्याचे खरे फायदे आहेत, नाकारायचं कारण नाही.

अडकतो कुठे?

२३० व्होल्टच्या ट्रॅकसाठी आयईसी ६०५७० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते सुरक्षिततेचं मानक आहे, सगळ्या कंपन्यांचे आकार एकसारखे करणारं नाही. पण तीन सर्किटच्या ट्रॅकमध्ये काही मोजके आकार इतके रुळलेत की एका कंपनीचा दिवा दुसऱ्या कंपनीच्या पट्टीत बऱ्याचदा बसतो. बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे, लावून बघायलाच हवं. एका सर्किटच्या स्वस्त पट्ट्यांत मात्र दोन तारांच्या आणि तीन तारांच्या अशी सरमिसळ आहे. दोन तारांच्या पट्टीत अर्थिंग नसतं. धातूची पट्टी, धातूचा दिवा आणि अर्थिंग नाही, हे घरात नको.

मॅग्नेटिकमध्ये एवढीही एकवाक्यता नाही. पट्टीची रुंदी, खोली, आतल्या तारांची जागा, त्यातली प्लस-मायनसची बाजू, सगळं ज्याचं त्याचं. दुकानदार "वीस एमएमचा आहे, कुठलाही बसेल" म्हणतो तेव्हा तो फक्त रुंदी सांगत असतो. मी हे पैसे घालून शिकलो.

स्मार्ट दिव्यांच्या बाबतीत "आता मॅटर आलंय, सगळं सगळ्याला जोडता येतं" असं सांगितलं जातं. मॅटर हे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं स्मार्ट होमचं सामाईक मानक. ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि ते उपयोगीही आहे. पण ते फक्त संदेशांची भाषा एक करतं. दिवा कुठल्या ॲपवरून लागेल हे मॅटर ठरवतं, तो पट्टीत बसेल का हे नाही.

बाकी जगात मात्र उलटी दिशा दिसते. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे यांना यूएसबी टाइप-सी सक्तीचं केलं. दिव्यांबाबतही तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून नियम आहे: तांत्रिक कारण दाखवता आलं नाही तर, दिव्यातला प्रकाशस्रोत आणि वेगळा असलेला ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, वस्तू न मोडता बदलता आला पाहिजे. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तर 'झागा' या कंपन्यांच्या संघाने सेन्सरचं सॉकेट ठरवून दिलंय. एका कंपनीच्या खांबावरच्या दिव्याला दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसतो. म्हणजे दिव्यांच्या धंद्यात हे जमत नाही असं नाही. जिथे खरेदीदार मोठा आणि जाणता असतो तिथे जमतं. घराचा खरेदीदार मात्र एकटा असतो आणि आयुष्यात एकदा-दोनदाच घेतो.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्याची सुरुवात शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांपासून झाली. फ्रिजचा कॉम्प्रेसर मिळाला नाही तर आपण भांडतो. सीलिंगमध्ये कायमचा बसवलेला दिवा मिळाला नाही तर गप्प बसून नवीन सीलिंग करतो. मला वाटतं, या चर्चेत घरातले फिक्स्ड दिवेही यायला हवेत. फ्रिज निदान बाहेर काढता येतो!

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. राहतं घर असेल, दहा वर्षं हात लावायचा नसेल, तर सीलिंगच्या पृष्ठभागावर बसणारा २३० व्होल्टचा तीन सर्किटचा ट्रॅक घ्या. थोडा जाडजूड दिसतो, पण एक दिवा गेला तर एकच जातो आणि त्याच्या जागी दुसरा मिळण्याची शक्यता जास्त. तो छतावरच, हात पोहोचणार नाही असा आणि कोरड्या जागीच हवा. बाथरूममध्ये नको.

मॅग्नेटिकच आवडत असेल तर घ्या, पण त्याच दिवशी त्याच बॅचचे दोन दिवे जास्तीचे घेऊन कपाटात ठेवा. आणि ड्रायव्हर कुठे आहे तिथे उघडता येणारी झडप ठेवून घ्या. वायरमनदादा म्हणतील "गरज नाही पडत", तरी ठेवून घ्या. ट्रॅकच्या आत बसणाऱ्या बारीक ड्रायव्हरपेक्षा बाहेर ठेवायचा साधा ४८ व्होल्टचा ड्रायव्हर बरा, कारण तेवढ्याच व्होल्टचा आणि पुरेशा वॅटचा दुसरा कुठल्याही चांगल्या कंपनीचा चालतो.

प्लॅनिंग: आधी काम, मग दिवा

बहुतेक घरांत आधी सीलिंगचं डिझाइन ठरतं, मग त्यात दिवे पेरले जातात. उलट करा. एका कागदावर खोली काढा आणि कुठे काय काम होतं ते लिहा. आमच्या हॉलच्या कागदावर चारच गोष्टी होत्या: आईचं मशीन, बाबांची पेपर वाचायची खुर्ची, भिंतीवरची मोठी फ्रेम आणि टीव्ही.

प्रकाशाचं वर्तुळ किती मोठं पडेल हे दिव्याच्या बीम अँगलवर ठरतं. दिव्यापासून टेबलापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या आणि या आकड्याने गुणा, वर्तुळाचा व्यास मिळेल:

- १५ अंश: ०.२६
- २४ अंश: ०.४३
- ३६ अंश: ०.६५
- ६० अंश: १.१५

आमचं सीलिंग जमिनीपासून २.६ मीटरवर, मशीनचं टेबल ०.७५ मीटरवर. अंतर १.८५ मीटर. २४ अंशाचा दिवा लावला तर ८० सेंटिमीटरचं वर्तुळ पडतं, साडी पसरली की कडा अंधारात जाते. ३६ अंशाचा लावला तर १.२ मीटर, म्हणजे मशीन आणि साडी दोन्ही त्यात. ८०० लुमेनच्या दिव्याचा निम्मा किंवा थोडा जास्त प्रकाश त्या वर्तुळात पडतो असं धरलं तर साधारण ३५० ते ४५० लक्स मिळतात. हा अंदाज आहे, पण दुकानदाराच्या "दहा वॅट भरपूर होतात" पेक्षा बरा.

घरात वयस्कर माणसं असतील तर हा हिशोब आणखी महत्त्वाचा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. मला हॉल 'छान वॉर्म' वाटतो तेव्हा बाबांना तो अंधारा वाटत असतो. त्याच वेळी त्यांना थेट डोळ्यावर येणाऱ्या दिव्याचा त्रासही जास्त होतो. म्हणून नुसते वॅट वाढवून भागत नाही. दिवा आत खोल बसलेला हवा आणि तो माणसाकडे नाही, कामाकडे वळलेला हवा.

भिंतीवरच्या फ्रेमसाठी दिवा उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांवर तिरका हवा. सीलिंगपासून फ्रेमच्या मध्यापर्यंतची उंची घ्या, तिला ०.५८ ने गुणा. आमच्याकडे १.१ मीटर, म्हणजे ट्रॅक भिंतीपासून ६४ सेंटिमीटरवर, दोन फुटांहून थोडा जास्त. यापेक्षा जवळ घेतला तर भिंतीचे खडबडीतपण उठून दिसतात. फार लांब घेतला तर काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसतं आणि बघणाऱ्याचीच सावली पडते. टीव्हीच्या समोरच्या बाजूला पडद्याकडे तोंड करून एकही दिवा नको.

स्वयंपाकघरात मात्र ट्रॅकचा मोह टाळा. खोलीच्या मध्यावर ट्रॅक लावला की ओट्याशी उभ्या माणसाची सावली बरोबर विळीवर आणि कढईत पडते. वर कपाटं असतील तर त्यांच्या खालची एलईडी पट्टी हे काम चांगलं आणि स्वस्तात करते.

विजेचा हिशोब सोपा आहे. १० वॅटचे ६ दिवे म्हणजे ६० वॅट. रोज ५ तास चालले तरी महिन्याला ९ युनिट. मॅग्नेटिकमध्ये ड्रायव्हर निवडताना वर निदान २० टक्के जागा सोडा, म्हणजे ६० वॅटला ७५ किंवा १०० वॅटचा. बटणं किमान दोन ठेवा, एक कामाच्या दिव्यांचं आणि एक बाकीच्यांचं. मंद करायचे असतील तर डिमर त्या दिव्याला चालतो का ते आधी विचारा. कुठलाही एलईडी कुठल्याही डिमरवर चालत नाही, लुकलुकतो.

खोक्यावर काय वाचायचं?

बीआयएस नोंदणी: एलईडी दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर सक्तीच्या नोंदणीत येतात. आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. वेगळा ड्रायव्हर असेल तर त्याचाही नंबर बघा.

सीआरआय: रंग किती खरे दिसतील याचा आकडा. बाजारात ८० सर्रास मिळतो, पण मी ९० चा घेतो. त्यातही एक गोम आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात नाहीच. त्यासाठी आर-९ हा वेगळा आकडा विचारा. आईला मरून साडीला जुळणारा दोरा रात्री ओळखता येत नव्हता, त्याचं कारण तिची नजर नव्हती, दिवा होता.

केल्विन: हॉलला ३०००, कामाच्या जागी ४०००. एकाच ट्रॅकवर दोन्ही चालतात, फक्त एकमेकांच्या शेजारी नकोत.

फ्लिकर: डोळ्याला न दिसणारी लुकलुक. युरोपात तिच्यावर मर्यादा आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून ती आणखी कडक झाली. दुकानात मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून बघा. पट्टे किंवा उघडझाप ठळक दिसली तर तो दिवा नको.

तास: खोक्यावरचे २५,००० तास म्हणजे रोज ५ तासांनी साडेतेरा वर्षं. पण तो आकडा सहसा एलईडी चिपचा असतो. आधी जातो तो ड्रायव्हर, कारण त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद सीलिंगच्या पोकळीत, एप्रिल-मेमध्ये, तो काय भाजत असेल याचा विचार करा.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न: या पट्टीत आणखी कुठल्या कंपनीचा दिवा बसतो? आत्ता बसवून दाखवाल का? बिलावर मॉडेल नंबर आणि वॉरंटी लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुकान बदला.

आमच्याकडे पुढे काय झालं?

मॅग्नेटिक पट्टी काढली. खाच आणि कापलेली जागा जिप्समने बुजवली, रंग मारला, आणि वरून तीन सर्किटचा साधा ट्रॅक बसवला. छतात दोनच बटणांच्या वायरी होत्या, म्हणून दोन सर्किट वापरली, तिसरं मोकळं आहे. दिवे सहाऐवजी पाचच लागले, कारण या वेळी जागा मोजून ठरवली होती. बसवण्याआधी दुसऱ्या कंपनीचा एक दिवा मुद्दाम आणून त्याच पट्टीत लावून बघितला. लागला.

जुने चार चालू दिवे एका खोक्यात पडलेत. त्यांच्यात काहीही बिघाड नाही, फक्त ते बसतील अशी पट्टी आता कुठे मिळत नाही. टाकवत नाहीत म्हणून बाबांनी जपून ठेवलेत.

आई नव्या दिव्याखाली बसली आणि पहिल्यांदा दोऱ्यांचा डबा उघडून सगळी रिळं पुन्हा लावली. "यातले दोन मी काळे समजत होते," ती म्हणाली, "एक निळा निघाला."